पेटीवरचा आकडा

सैन्यात नवी रायफल आली की गावाकडे पहिला प्रश्न ठरलेला : किती लांब मारते? मी पलटणीच्या कोतमध्ये, म्हणजे शस्त्रागारात, हवालदार होतो. मी आधी काडतूस बघतो.

१९६२ साली चिन्यांसमोर आपले जवान थ्री-नॉट-थ्री रायफल घेऊन उभे होते. दर गोळीमागे बोल्ट ओढायचा. पण शेजारच्या ब्रेनगनलाही, म्हणजे एलएमजीला (हलक्या मशीनगनला), तेच काडतूस लागायचं. पुढे इशापूरला एसएलआर, म्हणजे आपोआप भरणारी रायफल, बनू लागली, ७.६२ बाय ५१ ची : पहिला आकडा नळीच्या व्यासाचा, दुसरा काडतुसाच्या नळकांड्याच्या लांबीचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ब्रेनही त्याच मापाची करून घेतली. एक पेटी फोडली की दोघांचं भागायचं.

मग पुण्याच्या एआरडीई या शस्त्रसंशोधन संस्थेने आखलेली इन्सास रायफल आली, ५.५६ ची. एसएलआरचा राउंड साधारण २४ ग्रॅमचा, हा त्याच्या निम्मा. त्यामुळे तेवढ्याच वजनात जवान दुप्पट राउंड नेणार. शिवाय शत्रू जखमी झाला की त्याला उचलायला आणखी दोघे अडकतात, असा हिशेब सांगत. काश्मीरमध्ये तो चालेना. अतिरेक्याला उचलून न्यायला मागे कोण असतं? कारगिलच्या थंडीत मॅगझिनला तडे गेल्याच्याही तक्रारी झाल्या. इन्सासला लोकांनी पोटभर शिव्या दिल्या, काही रास्तच होत्या. पण रायफल आणि एलएमजी दोन्ही एकाच राउंडवर चालत, हे श्रेय तिला कोणी दिलं नाही.

२०१९ मध्ये अमेरिकेच्या ७२,४०० सिग रायफलींचा करार झाला, पुन्हा ७.६२ बाय ५१. इस्रायलची नेगेव्ह एलएमजीही त्याच मापाची घेतली. इथवर ठीक. पण २०२१ मध्ये सहा लाखांहून अधिक एके-२०३ ठरल्या. त्या अमेठीजवळ कोरव्याला बनतात आणि त्यांचं काडतूस ७.६२ बाय ३९. आकडा तोच, नळकांडं १२ मिलिमीटरने आखूड. एकाचा राउंड दुसऱ्यात चालत नाही. रात्री, पावसात, घाईत पेटी उचलणाऱ्या पोराला ‘७.६२’ एवढंच दिसणार.

एके वाईट नाही. चिखलात चालते, साफ करायला सोपी, नवशिक्याच्या हातातही लवकर बसते. पण एके आणि नेगेव्ह एकाच सेक्शनला, म्हणजे छोट्या तुकडीला, देऊ नका. एकेवाल्या पलटणींना एलएमजीही ३९ च्याच द्या.