सूर्यास्तानंतर काम नको: गिरणीचा भोंगा आणि शरीरातलं घड्याळ

आपल्या शेवगाव भागात शेतीपंपांची लाईट अनेक वर्षं आलटून-पालटून कधी दिवसा, तर कधी रात्री येत आली आहे. रात्रीची पाळी आली की उसाला, कपाशीला पाणी द्यायला रात्रीच शेतावर जावं लागतं. दुसऱ्या दिवशी डोकं जड, कारण नसताना चिडचिड आणि जेवण नकोसं. घरचे म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." पण हा फक्त मनाचा प्रश्न नाही. शरीराला दिवस-रात्र कळते. हे विज्ञानाने मोजण्याच्या कितीतरी आधी आपल्या महाराष्ट्रातल्या कामगारांनी त्यासाठी लढा दिला होता.

१८८४ ची मागणी

त्या काळी मुंबईच्या कापड गिरण्यांत पहाटेपासून अंधार पडेपर्यंत काम चाले. रविवारचीही खात्रीची सुट्टी नव्हती. महात्मा फुले यांचे सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारी आयोगाकडे गेलं. रविवारी सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विश्रांती द्या आणि काम सकाळी साडेसहाला सुरू करून सूर्यास्ताला थांबवा, अशा त्यात मागण्या होत्या.

१० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. १८९१ च्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि दुपारची विश्रांती आली. सूर्यास्ताची मागणी मात्र मागे पडली. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि अंधारानंतरही यंत्रं चालू लागली. काही ठिकाणी दिवसाचं काम १३-१४ तासांवर गेलं. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा घातली.

विज्ञानाला हे कधी कळलं?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या वर अॅड्रिनल नावाच्या छोट्या ग्रंथी असतात. त्यातून 'कॉर्टिसॉल' हे संप्रेरक रक्तात येतं. त्याला ताणाचं संप्रेरक म्हणतात, पण ते शत्रू नाही. रक्तातली साखर आणि रक्तदाब सांभाळणं, अंगात हुशारी आणणं ही त्याची कामं. १९४३ मध्ये ग्रेगरी पिंकस यांनी तरुणांच्या लघवीतून बाहेर पडणारे, याच ग्रंथींशी संबंधित काही पदार्थ मोजले. रात्री आणि दिवसा त्यांचं प्रमाण वेगळं निघालं. पेशींमधलं घड्याळ कसं चालतं, हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल मिळालं.

आज आपल्याला माहीत आहे की कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं. पहाटे ते चढू लागतं, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात सर्वांत वर जातं आणि मग दिवसभर हळूहळू उतरतं. हे घड्याळ मुख्यतः डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाने लावलं जातं. गिरणीच्या भोंग्याने किंवा लाईटच्या वेळापत्रकाने ते चार-दोन दिवसांत फिरत नाही. म्हणून रात्री पाणी देताना शरीर झोपेच्या तयारीत असतं आणि सकाळी पाठ टेकता तेव्हा तेच शरीर तुम्हाला जागं करत असतं. झोप तुटते, मग मनही तुटक होतं.

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्याने २०१७ मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आणली. तिच्या सुरुवातीच्या प्रकल्पांपैकी एक आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीत झाला. ही सोय जशी विजेची आहे, तशी आरोग्याचीही आहे.

तुम्ही काय करू शकता?

- रात्री पाणी द्यायचं असेल तर संध्याकाळी एक-दीड तास झोपून घ्या. पहाटेचा चहा टाळा आणि घरी आल्यावर अंधाऱ्या, शांत खोलीत झोपा.
- एरवी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. सकाळी थोडा वेळ उघड्यावर उजेडात राहा.
- बीपी-शुगरच्या गोळ्या जागरणामुळे चुकवू नका. वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांना विचारा.
- स्टेरॉइडची गोळी बऱ्याचदा सकाळी घ्यायला सांगतात, कारण शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही सकाळीच जास्त असतं. ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.
- नैराश्याच्या काही रुग्णांना सकाळ सर्वांत जड जाते आणि संध्याकाळी थोडं हलकं वाटतं. "संध्याकाळी तर बरा असतो, म्हणजे सोंग करतो" असं घरच्यांनी म्हणू नये. असं दोन आठवडे चाललं तर डॉक्टरांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर रात्रीही सुरू असते.