काचेखालचा हौद

1846 मध्ये अ‍ॅना थिन यांनी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या टॉर्कीहून काही प्रवाळ बरणीत घालून लंडनला आणले. उष्ण समुद्रात भित्ती बांधणाऱ्या जातीचे ते नव्हेत. थंड पाण्यात एकेकटे वाढणारे, पेल्याच्या आकाराचे ते जीव होते. समुद्र दूर असल्यामुळे ताजे पाणी हवे तेव्हा मिळणे कठीण होते. मग आहे तेच पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहण्याचा रोजचा नेम ठरला. अर्ध्या-पाऊण तासाचे हे काम घरातली मोलकरीण करी. प्रवाळ जगले, त्यांची संख्याही वाढली, आणि त्या वाढीवरचा थिनबाईंचा लेख 1859 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या मोलकरणीच्या हातांना मी या कलेतला पहिला पंप म्हणेन. घरात समुद्र वसवण्याचा इतिहास सहसा काचेपासून सांगितला जातो. पण ही कला ज्या ज्या टप्प्यावर पुढे सरकली, तिथे त्याचे कारण बहुतेक वेळा प्रेक्षकाला न दिसणाऱ्या पाण्यात सापडते. ते पाणी म्हणजे आज हौशी लोक ज्याला ‘संप’ म्हणतात तो खालचा हौद, आणि त्यातून वर चढून पुन्हा खाली उतरणारा प्रवाह.

थिनबाईंच्या पाठोपाठ जी कल्पना गाजली, ती मात्र याच्या उलट दिशेची होती. 1850 मध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने पाणवनस्पती, गोगलगायी आणि सोनमासे एकत्र ठेवून दाखवले की वनस्पती आणि प्राणी एकमेकांना पुरे पडले तर पाणी बदलावे लागत नाही. 1853 मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस यांचे मत्स्यालयावरचे पुस्तक आले आणि दिवाणखान्यात समुद्र मांडण्याचे वेडच पसरले. समतोलाची ती कल्पना चूक नव्हती, अपुरी होती. मोजक्या जिवांपुरता समतोल टिकतो. पण एखादे समुद्रफूल मेले, अन्न थोडे जास्त पडले, की लहानशा पाण्याला ते सोसत नाही. स्थिर पाण्याला चूक पोटात घालण्याइतकी जागाच नसते.

ही जागा कुठून आणायची, याचे उत्तर विल्यम आल्फर्ड लॉइड याने दिले. लंडनमध्ये मत्स्यालयाचे सामान आणि समुद्री जीव विकणारा हा स्वयंशिक्षित माणूस पुढे हँबर्गच्या 1864 च्या मत्स्यालयाचा आणि 1871 मध्ये उघडलेल्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेस मत्स्यालयाचा रचनाकार झाला. क्रिस्टल पॅलेस समुद्रापासून दूर, सिडनमच्या टेकडीवर. तिथले पाणी ब्रायटनहून रेल्वेने आणलेले. असे पाणी रोज फेकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून लॉइडने ते न बदलता फिरवत ठेवले. प्रदर्शनाच्या टाक्यांखाली त्याने अंधारा हौद बांधला आणि त्यात वरच्या टाक्यांपेक्षा अनेक पट पाणी ठेवले. वाफेच्या शक्तीवर चालणारे पंप रात्रंदिवस ते वर चढवत, आणि टाक्यांमधून वाहत ते पुन्हा हौदात उतरे. धातूचे विष पाण्यात उतरू नये म्हणून पंप आणि नळ कडक रबराचे केले होते. हौद अंधारा ठेवण्यामागे निरीक्षण होते: उजेडात शेवाळाने हिरवे झालेले पाणी अंधारात निवळते. जमिनीखाली असल्यामुळे ते थंडही राहते, उन्हाळ्यात वरच्या टाक्यांना सांभाळून घेते. आपल्याकडच्या कुठल्याही सोसायटीत खालची टाकी, पंप आणि गच्चीवरची टाकी असते, तशीच ही मांडणी. फरक इतकाच की इथे वापरलेले पाणी गटारात न जाता पुन्हा खालच्याच टाकीत येते.

लॉइडची समजूत अशी होती की हलत्या पाण्यातला प्राणवायूच घाण जाळून टाकतो. ते पूर्ण खरे नव्हते. अमोनियाचे नायट्रेट करण्याचे काम सूक्ष्म जीव करतात, हे 1877 मध्ये श्लोझिंग आणि म्युंत्झ यांनी सांडपाण्यावर दाखवले आणि 1890 च्या सुमारास विनोग्राद्स्कीने ते जीव वेगळे काढले. तोवर लॉइड वारला होता. पण त्या जिवांना हवे असते ते प्राणवायूने भरलेले वाहते पाणी आणि चिकटून राहायला भरपूर पृष्ठभाग. कारण चुकले तरी रचना बरोबर निघाली. आंतोन डोर्न यांनी नेपल्सला स्थापलेल्या प्राणिशास्त्रीय केंद्राचे मत्स्यालय 1874 मध्ये उघडले, तेव्हा तिथल्या रचनेसाठीही लॉइडचीच मदत घेतली गेली होती.

यावर एक वजनदार आक्षेप आहे. भित्ती बांधणारे प्रवाळ आधी ज्यांनी जगवले, त्यांच्याकडे असा हौद कुठे होता? 1956 मध्ये रेने कताला यांनी न्यू कॅलेडोनियातल्या नूमेआ इथे मत्स्यालय उघडले. तिथे जिवंत प्रवाळ होते आणि हौदातून फिरणारे पाणी नव्हते. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ मांडली. त्यात होते जिवांनी भरलेले समुद्रातले दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे थोडेसे बुडबुडे. पण नूमेआत पाणी समुद्रातून येई आणि समुद्रात परत जाई. एंग यांच्या दाराशी जावा समुद्र होता. पाणी, दगड, जीव, सगळे हवे तेव्हा मिळे. त्यांचा हौद समुद्रच होता. तीच पद्धत समुद्रापासून दूर नेली की अडचणी सुरू होतात. आपल्याकडे तर किनाऱ्यावर राहूनही ती वाट बंद आहे. कठीण प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे, त्यामुळे मालवणच्या खडकांवरून कुणी प्रवाळ उचलू शकत नाही. तसेच असायला हवे.

दुसरे म्हणणे असे की घरगुती संप ही 1980 च्या दशकातली गोष्ट, तिचा लॉइडशी काय संबंध? 1986 मध्ये जॉर्ज स्मिट यांच्या लेखांमुळे अमेरिकेत टाकीखालच्या पेटीचा प्रसार झाला, हे खरे. त्या पेटीत प्लॅस्टिकच्या गोळ्यांवरून पाणी ठिबकत येई आणि गोळ्यांवरचे जिवाणू ते शुद्ध करत. पण नायट्रेट साचू लागले. दरम्यान बर्लिनकडच्या हौशी लोकांनी जिवंत दगड आणि फेसाबरोबर घाण ओढून काढणारा प्रोटीन स्किमर यांच्यावर भिस्त ठेवली होती. ती पद्धत पटली तशा लोकांनी गोळ्या काढून टाकल्या, आणि पेटी तशीच ठेवली. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा हाच. ज्या गाळणीसाठी हौद आला ती गेली आणि हौद उरला, कारण त्याचे खरे काम गाळण्याचे नव्हतेच. स्किमरला एकसारखी पातळी लागते, हीटर नजरेआड ठेवायचा असतो, बाष्पीभवनाची घट एकाच ठिकाणी दिसावी लागते. घाण काढणारे यंत्र आल्यावर लॉइडइतका प्रचंड हौद मात्र लागत नाही, हे मान्य करायला हवे.

मोठ्या टाकीची आखणी करताना एक हिशेब तरीही टळत नाही. टाकी 240 सेंमी लांब आणि 75 सेंमी रुंद धरा. वीज गेली, पंप थांबला, आणि वरचे पाणी निचऱ्याच्या तोंडापर्यंत फक्त 2 सेंमी उतरले, तरी 36 लिटर खाली येतात, नळांमधले वेगळे. परतीच्या नळाचे तोंड पाण्यात खोल बुडालेले असेल आणि वर हवा शिरायला भोक नसेल, तर वक्रनलिकेसारखे पाणी उलटे ओढले जाते आणि हा आकडा कितीतरी वाढतो. प्रवाळांना लागणारी लाटांची उलटसुलट हालचालही हौदाच्या पंपाकडून मागू नये. एका दिशेच्या धारेने ती होत नाही, तिच्यासाठी टाकीतच वेगळे पंप लागतात. म्हणून काच कापायला देण्याआधी खालची जागा मोजा, पंप बंद असताना वरून किती पाणी येईल ते लिटरमध्ये मांडा, आणि तेवढी जागा हौदात कायम रिकामी सोडा.