जीपचा क्रॉस आणि रॉबर्ट हूकचं गणित

हेडफोन लावलेत ना? मग आज सुरुवात एका आवाजाने करू. चीं... चीं... चीं. गाडी हळू चालली की हळू, वेग घेतला की भरभर. मावळात माझ्या मामाकडे एक जुनी सीजे थ्री बी जीप आहे, फोर व्हील ड्राइव्ह. गेल्या पावसाळ्यानंतर तिच्या पोटाखालून हा आवाज यायला लागला. मामाने खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही. म्हणाला, "क्रॉस गेलाय."

मी बीटेक. परीक्षेत 'युनिव्हर्सल जॉइंट'वर मार्क मिळवलेले. पण 'क्रॉस' म्हणजे तोच, हे कळायला मला जीपखाली आडवं व्हावं लागलं.

आधी हा प्रकार समजून घेऊ. इंजिन आणि गिअरबॉक्स चासीला बांधलेले. अ‍ॅक्सल मात्र पाट्यांवर, म्हणजे स्प्रिंगवर, खड्ड्यागणिक वर-खाली होणारा. या दोघांमधला शाफ्ट फिरलाही पाहिजे आणि वाकलाही पाहिजे. म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना बेचकीसारखे दोन-दोन योक समोरासमोर असतात आणि त्यांच्यामध्ये अधिकच्या चिन्हासारखा एक लोखंडी तुकडा. तो क्रॉस. त्याच्या चार टोकांवर चार छोट्या वाट्या आणि प्रत्येक वाटीत सुईसारख्या बारीक रोलरची गोल रांग.

आता हा आला कुठून? फ्रेंच, जर्मन आणि रशियन भाषांत याला 'कार्डान' म्हणतात, सोळाव्या शतकातल्या जिरोलामो कार्डानो या इटालियन गणिती-वैद्याच्या नावावरून. पण एकात एक अडकवलेल्या फिरत्या कड्यांची कल्पना त्याच्याही बरीच आधीची. १६६४ मध्ये गास्पार शॉट या जर्मन जेझुइट विद्वानाने या सांध्याचं वर्णन छापलं आणि एक चूक केली. त्याला वाटलं, एका बाजूने एकसारखं फिरवलं की दुसरी बाजूही एकसारखीच फिरणार.

वाटणं साहजिक आहे हो. मलाही तसंच वाटलं असतं!

चूक पकडली रॉबर्ट हूकने. हो, तोच. शाळेत स्प्रिंगचा नियम शिकलो तो हूक, आणि जीवशास्त्रात 'सेल' हा शब्द आणणाराही तोच. १६६७ ते १६७५ च्या दरम्यान त्याने या सांध्याचा अभ्यास केला. त्याला दिसलं की सांधा वाकलेला असेल, तर पलीकडची बाजू प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावते आणि दोनदा मागे रेंगाळते. हूकला मोटारीशी काय देणंघेणं? त्याचं डोकं सूर्याच्या उपकरणांत होतं. आणि गंमत बघा, सूर्यघडीवरची सावलीसुद्धा अशीच कमी-जास्त वेगाने सरकते. त्याने या दोषाचाच उपयोग करून घेतला! 'युनिव्हर्सल जॉइंट' हे नावही त्याच्याच १६७६ च्या पुस्तकात पहिल्यांदा दिसतं.

थोडे आकडे. सांधा ३० अंशांत वाकलाय आणि इकडून मिनिटाला १००० फेरे देताय असं समजा. तर पलीकडचा वेग प्रत्येक फेऱ्यात साधारण ८६६ आणि ११५५ यांच्यामध्ये झोके घेतो. १० अंशांना हाच झोका ९८५ ते १०१५ इतका उरतो. म्हणजे कोन वाढला की धक्के वाढले.

मग उपाय? तोही हूकनेच १६८३ मध्ये सुचवला. एक सांधा चुकतो ना, मग दुसरा असा लावा की तो बरोब्बर उलटा चुकेल. मधला शाफ्ट झोके घेत राहील, पण शेवटचं टोक एकसारखं फिरेल. यासाठी अटी दोन. मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. बस्स. जीपच्या शाफ्टला दोन क्रॉस असतात त्यामागे हे गणित आहे.

मोटारी आल्या तेव्हा मात्र इंजिनाची ताकद मागच्या चाकांना पोचवायला बऱ्याच गाड्यांत सायकलसारखी साखळी होती. आवाज करणारी, धूळ खाणारी. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या क्लेरेन्स स्पायसरला हे पटेना. त्याने १९०३ मध्ये मोटारीसाठीच्या युनिव्हर्सल जॉइंटचं पेटंट मिळवलं आणि १९०४ मध्ये न्यू जर्सीत उत्पादन सुरू केलं. पुढे हीच कंपनी डाना झाली.

मग आलं दुसरं महायुद्ध. १९४० मध्ये अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम कंपनीने दिला आणि प्रचंड संख्येने गाड्या बनवल्या विलीज आणि फोर्डने. सहा लाखांहून जास्त! फोर व्हील ड्राइव्ह म्हटलं की मागे एक शाफ्ट, पुढे एक शाफ्ट, म्हणजे इथेच चार क्रॉस झाले. शिवाय पुढची चाकं ओढतातही आणि वळतातही. तिथे कोन मोठा, आणि चूक फेडायला जोडीदार सांधा नाही. म्हणून युद्धातल्या जीपच्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये झेपा, बेंडिक्स-वाइस, ट्रॅक्टा असे समान वेगाचे सांधेही वापरले गेले.

युद्ध संपलं, आणि १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. हूकची ती जोडी अशी आपल्या घाटरस्त्यांवर आली आणि फिरत फिरत मामाच्या अंगणात.

तर, अंगणात. मी स्पॅनर घेऊन मागचा शाफ्ट सोडायला खाली शिरलो.

मामाने विचारलं, "दगड लावलेस का रे चाकांना?"

"हँडब्रेक ओढलाय की मामा."

"बाहेर ये आधी."

मंडळी, हे नीट ऐका. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्सफर केसच्या मागच्या तोंडाशी असतो आणि चाकांना धरतो तो या शाफ्टमार्फतच. शाफ्ट सोडला की हँडब्रेक आहे तिथेच आहे, पण मागची चाकं मोकळी. गिअरचंही तेच. अंगणाला उतार होता. मी थेट चाकांच्या वाटेत पडलो होतो. मामाने चारही चाकांना दगड लावले, मगच मला परत आत जाऊ दिलं.

शाफ्ट निघाला. सर्कलिप काढल्या, व्हाइसमध्ये दाबून वाट्या बाहेर काढल्या. आत ग्रीसच्या जागी लाल भुकटी. पावसात ओढ्यातून गाडी काढली होती, नंतर ग्रीस गन कुणी मारलीच नाही. नवा क्रॉस बसवताना प्रत्येक वाटीतल्या सुया ग्रीसने चिकटवून उभ्या ठेवायच्या. एक जरी आडवी पडली तर वाटी पूर्ण बसत नाही आणि सर्कलिप खाचेत जात नाही. बसल्यावर क्रॉस हाताने अडखळल्याशिवाय हलला पाहिजे. मग चारही सीलमधून नवं ग्रीस डोकावेपर्यंत गन मारायची.

सगळं जमलं. आणि मी शहाणपणा केला. शाफ्टचा सरकता सांधा साफ करायला उपसला आणि अंदाजाने परत घातला. गाडी काढली. चीं चीं गायब! पण चाळिशीला पोचताच अख्खी जीप थरथरायला लागली.

मामाने शाफ्टवर फडकं फिरवलं. मातीखाली दोन बाण होते, एक शाफ्टवर, एक सरकत्या योकवर. माझे दोन्ही बाण समोरासमोर नव्हते. योक एका रेषेत नव्हते, म्हणजे दुसरा सांधा पहिल्याची चूक फेडत नव्हता. मी हूकची पहिलीच अट मोडली होती! बाण जुळवले, थरथर थांबली.

मामाने हूकचं नाव कधी ऐकलेलं नाही. मला नाव माहीत होतं, सूत्रही पाठ होतं, आणि बाण मात्र मी पाहिलेच नाहीत.

तुमच्यापैकी कुणी गाडी उंच करायला लिफ्ट किट लावणार असेल, तर दुसरी अट आठवा. उंची वाढली की शाफ्टचे कोन बदलतात. तेही तपासून घ्या. गिअर टाकताना खालून 'टक' येतंय का, शाफ्ट हाताने हलवला की खेळ लागतोय का, तेही बघा. आणि शाफ्ट खोलायच्या आधी खडूने का होईना, खुणा करा.

पण त्याच्याही आधी, चाकांना दगड लावा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!