क्वेबेकच्या पुलाचे गणित

बांधकामाचा आराखडा चांगला की वाईट, हे कशावरून ठरवावे? पुष्कळदा खर्च किती वाचला आणि मान्यतेची सही कोणाची, एवढेच पाहिले जाते. कॅनडात क्वेबेक शहराजवळ सेंट लॉरेन्स नदीवर रेल्वेचा पूल बांधावयास घेतला, तेव्हा या दोन्ही कसोट्यांना आराखडा पुरेपूर उतरला होता.

सही थिओडोर कूपर या न्यूयॉर्कच्या नामांकित सल्लागार अभियंत्याची होती. खोल पाण्यात पाया घेण्याचा खर्च टळावा म्हणून त्याने मधला गाळा १,६०० फुटांवरून १,८०० फुटांवर नेला. गाळा वाढला की पुलाचे स्वतःचे वजनही वाढावयाचे. परंतु पुढील गणिते वजनाच्या जुन्या अंदाजावरच झाली. सरकारी रेल्वे खात्याने आराखडा स्वतंत्रपणे तपासून घ्यावा, अशी सूचना निघाली होती. कूपरला ती रुचली नाही आणि ती मागे पडली. थोरामोठ्यांच्या गणिताला हात लावण्याचा संकोच केवळ आपल्याकडेच असतो असे नाही! पुढे खरे वजन कळले. पण तोवर काम बरेच झाले होते, आणि वाढलेला ताण सोसण्याजोगा आहे, असा निर्वाळा कूपरने दिला.

१९०७ च्या ऑगस्टमध्ये दाब पेलणारे खालचे पोलादी भाग वाकू लागले. एका भागाचा पाऊण इंचाचा बाक आठवड्याभरात सव्वादोन इंचांवर गेला. ते आधीपासूनच वाकडे होते, असे कंपनीचे म्हणणे. जागेवरचा तरुण अभियंता कूपरला भेटण्यासाठी न्यूयॉर्कला गेला. २९ ऑगस्टला कूपरने आणखी भार न घालण्याविषयी तार केली, ती पेनसिल्व्हेनियातील कंपनीला. पुलावर ती पोहोचलीच नाही. त्याच सायंकाळी साडेपाचच्या सुमारास अवघ्या काही सेकंदांत पूल कोसळला. ७५ कामगार मेले. त्यांत ३३ जण कानावाके येथील मोहॉक जमातीचे होते.

आराखड्याची खरी परीक्षा झाली ती यानंतर, चौकशी आयोगापुढे. पोलाद व कारागिरी यांना आयोगाने दोष दिला नाही. दाब पेलणाऱ्या भागांची रचना कमकुवत होती, वजनाचा अंदाज चुकला होता, आणि काम तिथल्या तिथे थांबविण्याचा अधिकार चालविणारा समर्थ अभियंता पुलावर नव्हता, असे त्याने नोंदविले. इतक्या अवाढव्य भागांच्या बलाविषयी त्या काळचे ज्ञानच अपुरे होते, हेही आयोगाने स्पष्ट सांगितले.

दुसऱ्या पुलाच्या वेळी, १९१६ मध्ये, वर उचलला जात असलेला मधला भाग नदीत पडून १३ कामगार दगावले. अखेर १९१७ मध्ये पूल पुरा झाला. जो भाग पूर्वी वाकला होता, त्याच्या जागी दुपटीहून अधिक छेदाचे पोलाद बसले. गाळा मात्र १,८०० फुटांचाच राहिला, आणि आपल्या जातीच्या पुलांत तो आजही जगात सर्वांत लांब आहे.