जुन्या बंदुकांच्या स्क्रूंची दुरुस्ती
चकमकीच्या व ठासणीच्या बंदुकांचे सुटे भाग सरळ खाचेच्या स्क्रूंनी दस्त्याला जोडलेले असतात. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थने आट्यांचे प्रमाण मांडले. त्याआधी प्रत्येक कारागीर आपल्या हत्याराने आटे पाडी. त्यामुळे हरवलेल्या स्क्रूला बाजारात जोड मिळत नाही आणि मूळ स्क्रू वाचवणे हेच खरे काम ठरते. किनारी ठिकाणी खाऱ्या हवेने स्क्रू गंजून घट्ट बसतात. त्यांवर निमुळत्या पात्याचा स्क्रूड्रायव्हर चालवला की खाचेच्या कडा फाटतात.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून आधी सांध्यात पातळ तेल मुरू देतात व खाचेत तंतोतंत बसणारे, समांतर बाजूंचे पाते वापरतात. उचकटलेला धातू घासून टाकणे ही सर्वांत घातक चूक होय, कारण त्याने डोक्याचा घाटच बिघडतो. स्क्रू तांब्याच्या जबड्यांत धरून तो धातू हलक्या हातोडीने परत आत बसवावा, मग बारीक कानशीने खाच साफ करावी. पृष्ठभाग कठीण केलेला असल्यास तो प्रथम तापवून मऊ करतात. घासून चकचकीत केलेले पोलाद सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळी झाक धरते. संग्रहालयीन वस्तूवर मात्र ती नव्याने देऊ नये. वापरातील बंदुकीच्या दुरुस्तीचा व्यवसाय करण्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना लागतो.