मालवणात कुठे जेवावे? : एक विवेचन

1. प्रश्नाची मांडणी

मालवणात पाऊल ठेवणारा पाहुणा सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी कधी सुटते हे नंतर विचारतो. आधी विचारतो, ‘मासे कुठे चांगले मिळतात?’ याला चार हॉटेलांची नावे सांगून उत्तर देता येते. पण आचारी बदलतो, मोसम पालटतो, गर्दी वाढते आणि नावांची यादी शिळी होते. यादीपेक्षा कसोटी जास्त टिकते. माझी कसोटी अशी : मासळी होडीतून उतरल्यापासून ताटात येईपर्यंत किती वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात तिला कोणी कसे सांभाळले? ज्या जागी हे अंतर सर्वांत कमी, ती जागा उत्तम. पुढचे विवेचन या अंतराचे आहे.

2. मासळीचे दोन वर्ग

सगळी मासळी सारखी टिकत नाही. इसवण (मुंबईची सुरमई) आणि सरंगा (पापलेट) यांचे मांस घट्ट असते. बर्फात नीट ठेवले तर दोन्ही मासे दूरचा प्रवास सोसतात, म्हणून त्यांना बाहेरगावचा भाव मिळतो आणि त्यांतले पुष्कळ मालवणात थांबतच नाहीत.

बांगडा, तारली आणि पेडवे यांचे तसे नाही. त्यांच्या अंगात तेल भरपूर असते आणि ते हवेने लवकर खवट होते. बांगड्याच्या मांसात हिस्टिडिन हे द्रव्य मुबलक असते. मासा उबेत राहिला की जिवाणू त्याचे हिस्टामिन बनवतात. हे हिस्टामिन शिजवून किंवा तळून जात नाही. खाणाऱ्याचे अंग लाल होते, तोंडाची आग होते, डोके दुखते. म्हणून बांगडा पकडल्याबरोबर बर्फात जावा किंवा लगेच चुलीवर चढावा.

यातून पहिला नियम निघतो. इसवण मुंबईतही चांगली मिळू शकते, पण किनाऱ्यावरून थेट तव्यावर आलेला बांगडा फक्त बंदराच्या गावात मिळतो. मालवणात येऊन तोच न खाता परतणे म्हणजे गावाची खरी चव चुकवणे.

3. आवक आणि वेळ

संध्याकाळी बंदरावर लिलाव भरतो. होड्या लागतात, टोपल्या वाळूवर रित्या होतात, आणि चढत्या बोलीत एकेक ढीग निकाली निघतो. खानावळीसाठी मासे घेणारी बाई आधी वाकून कल्ला उचलते. तो लालभडक आहे का, डोळा फुगीर आहे का, बोटाने दाबलेले मांस पुन्हा वर येते का, एवढे पाहूनच ती बोली लावते. ही तपासणी दोन क्षणांत उरकते, आणि दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या जेवणाचा निकाल तिथेच लागलेला असतो.

रापणीचा हिशोब निराळा. होडी किनाऱ्याजवळ अर्धवर्तुळात जाळे टाकून येते, आणि दोन्ही टोकांचे दोर माणसे वाळूवर उभी राहून ओढतात. काठाशी आलेल्या थव्यावर ही मासेमारी चालते, त्यामुळे मासा जिवंतपणीच वाळूवर येतो. रापण लागल्याची बातमी ज्या घरात लवकर पोहोचते, त्या घरचे ताट त्या दिवशी सर्वांत ताजे असते.

4. जेवणाच्या तीन जागा

(अ) बाजारपेठेतील हॉटेले. इथे ग्राहकांची रीघ असते. माल लवकर संपतो, हा मोठा गुण. मात्र फलकावर वर्षभर तीच नावे ठेवायची तर शीतपेटीचा आधार घ्यावाच लागतो.

(आ) घरगुती खानावळी. मोजकी ताटे, रोजचा बाजार, आणि जे मिळाले तेच शिजवायचे. निवड थोडी, पण खात्री जास्त.

(इ) तारकर्ली-देवबागची न्याहारी-निवासाची घरे. सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, आणि अशा घरांना बळ मिळाले. इथे सकाळीच ताटांची संख्या सांगावी लागते. ही अडचण नाही, सोय आहे. माणसे मोजून मासे आणले की उरत नाहीत, आणि उरले नाहीत की शिळे होत नाहीत.

5. स्वयंपाकघराची परीक्षा

ताज्या माशाचे तुकडे काट्यापासून पाकळीसारखे सुटतात. बर्फात बरेच दिवस राहिलेला मासा पिठूळ लागतो. रवा-मसाल्याचा थर जाड असेल तर आतल्या मांसाची चव आधी घ्यावी. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळ हवेच. ते वाटायचे नसते, ठेचून घालायचे असते, आणि त्याचा झणझणीत वास बांगड्याच्या उग्रपणाला सावरतो.

सोलकढी ही सर्वांत सोपी परीक्षा. नारळाचे दूध उन्हाळ्यात काही तासांत आंबते. म्हणून सोलकढी गोडसर-आंबट आणि ताजी लागली, तर त्या घरी वाटप त्याच दिवशी झाले आहे असे समजावे. जे घर नारळाला ताजे ठेवते, ते माशालाही ठेवते.

6. ऋतू

1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. पुष्कळ माशांचा हा विणीचा काळ, म्हणून बंदी आवश्यक आहे. या दिवसांत फलकावर इसवण दिसली, तर ती कुठून आली हे विचारावे. तेव्हा मालवणची घरे कर्ली आणि कोळंबच्या खाडीकडे वळतात, काळुंदर-तांबोशी शिजवतात, नाहीतर उन्हाळ्यात केलेली बेगमी काढतात : सुका बांगडा, सुकी सुंगटे. उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा हे पावसाळ्याचे अस्सल मालवणी जेवण आहे.

7. निष्कर्ष

या सगळ्याचा मेळ घातला तर जागेची निवड खाणाऱ्याच्या प्रश्नावर येऊन ठेपते. ‘सुरमई आहे का?’ असे विचारणाऱ्याला कुठेही ‘आहे’ असेच उत्तर मिळेल, कारण त्याच्यासाठी ती साठवून ठेवलेली असते. ‘आज काय गावला?’ असे विचारणाऱ्याला त्या दिवशीचा समुद्र ताटात मिळतो. बंदरावर ढीगभर पेडवे आले असतील तर पेडवे खावेत. मुडदुशे आले असतील तर मुडदुशे. अशा लहान मासळीला गावातच गिऱ्हाईक लाभले, तर दोर ओढणाऱ्या रापणकरालाही दोन पैसे जास्त मिळतील. ज्या घरची बाई या प्रश्नाला न अडखळता, माशाचे नाव घेऊन उत्तर देते, तिथे पाट मांडून बसावे.