कोठडीतील संमती : देसाईगंज खटल्याचा बोध
संमतीचा विचार करताना ती देणाऱ्याची परिस्थिती वगळली, तर न्यायाचे काय होते, हे देसाईगंजच्या खटल्यावरून दिसते. २६ मार्च १९७२ च्या रात्री तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्यातील या पोलीस ठाण्यात जबाबासाठी आलेल्या आदिवासी तरुणीस एकटीला थांबवून ठेवण्यात आले व तिच्यावर बलात्कार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर आला. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये त्यांस निर्दोष ठरविले. निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे मानून नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. अंगावर जखमा नव्हत्या. आणि कलम ३७५ ला भय ठाऊक होते ते मृत्यूचे वा इजेचे, अधिकाराचे नव्हे.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर व वसुधा धागमवार यांच्या १९७९ च्या खुल्या पत्राने या उणिवेवर बोट ठेवले. अशा खटल्यांत शरीरसंबंध सिद्ध झाल्यावर स्त्रीने संमती नाकारली, तर ती नव्हती असे न्यायालयाने गृहीत धरावे, हा नियम १९८३ मध्ये आला. तथापि हे गृहीतक खंडनीय आहे. आणि पदाचा गैरफायदा घेऊन मिळविलेल्या संमतीसाठी वेगळा, सौम्य अपराध योजला गेला. २०२३ च्या भारतीय न्याय संहितेतही तो भेद कायम आहे. सारांश, पुराव्याचा भार बदलला. कोठडीत संमती संभवते काय, हा मूळ प्रश्न अनुत्तरितच राहिला.